भाषणानं उद्योजक घडत नाही

पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात, अवसरी खुर्दला 2009 पासून शासकीय अभियांत्रिकी व संशोधन महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतनही आहे. गावासाठी काहीतरी करायचंय, असं म्हणणारी पोरं इथे सापडतात. पण त्यांना सल्ले देणाऱ्या थोरामोठ्यांच्या डोक्यात काही समजुती घट्ट बसल्या आहेत.

गैरसमज : कल्पकता हुशार मुलांकडेच असते.

याचं उत्तर शेजारच्या शिरूर तालुक्यात आहे. पाबळ हे गाव लोकांना मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असतं. तिथेच 1983 साली डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी विज्ञान आश्रम सुरू केला. अमेरिकेतली पीएचडी आणि हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली मोठी नोकरी मागे ठेवून ते या दुष्काळी गावात आले. त्यांचे विद्यार्थी बहुतेक शाळा सुटलेले, नापासाचा शिक्का बसलेले. त्यांना वेल्डिंग, वायरिंग, बांधकाम, शेती-पशुपालन, अन्नप्रक्रिया असं सगळं हातानं करायला मिळे. शिकता शिकताच गावाची कामं घ्यायची आणि त्यांचे पैसेही घ्यायचे, हा शिक्षणाचाच भाग होता. या आश्रमात जीपचे भाग वापरून ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर घडला. 2002 मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं तिथे फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी वस्तू घडवण्याची कार्यशाळा, उभी राहिली. अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी ती एक. गुणपत्रिका बघून मुलं निवडली असती, तर यातलं किती झालं असतं?

गैरसमज : सामाजिक काम म्हणजे फुकट काम.

कायदा असं म्हणत नाही. कंपनी कायदा 2013 च्या कलम 8 खालील कंपनी नफा कमवू शकते, पगार देऊ शकते. फक्त लाभांश वाटता येत नाही, नफा उद्दिष्टासाठीच वापरावा लागतो. शेतकरी उत्पादक कंपनी तर किमान 10 उत्पादकांना मिळून काढता येते आणि तिथे सभासदांना नफ्यातला वाटाही मिळतो. ‘समाजसेवा करतोस ना, मग पैसे कसले मागतोस?’ या एका वाक्यानं उमेद जेवढी खचते, तेवढी तोट्यानंही खचत नाही.

गैरसमज : काहीतरी अगदी नवं हवं, निदान एखादं ॲप तरी.

आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात डोंगरउतारावर भातखाचरं तयार करण्याची आदिवासींची जुनी रीत आहे, पडकई. सगळ्यांनी मिळून एकेकाच्या रानात राबायचं. कुसुम कर्णिक आणि आनंद कपूर यांच्या ‘शाश्वत’ संस्थेनं या कामाला रोजगार हमीची मजुरी मिळावी म्हणून धडपड केली. डिंभे धरणात जमिनी गेलेल्यांनी त्याच जलाशयात मासेमारीची सहकारी संस्था उभी केली, तीही ‘शाश्वत’च्या साथीनं. रीत जुनी, पाणी समोरचंच. कल्पकता होती ती जोडणीत.

राहता राहिली तळमळ. ती प्रेरणादायी व्याख्यानानं येते, हा सगळ्यात लाडका गैरसमज. टाळ्या वाजतात, सत्कार होतो, नारळ-शाल घरी जाते. तळमळ टिकते ती आपण केलेली वस्तू कुणीतरी वापरतंय, हे दिसल्यावर.

तेव्हा अवसरी-मंचरच्या बागायतदारांनो, पुढच्या वर्षी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना बक्षीस समारंभाला बोलावण्याआधी तुमच्या बराखीत नेऊन सडलेला कांदा दाखवा. सातगाव पठारच्या बटाट्याची काढणी दाखवा. त्यांनी काही करून दिलं, तर चार पैसे रोख मोजा, आणि पहिलं यंत्र बिघडलं तर दुसरं करायलाही सांगा.