लेकरांची राखण (भाग ९) : गाडी सुटल्यावरचा फलाट

साक्ष देणाऱ्या मुलाला आरोपी दिसू नये म्हणून विशेष न्यायालयात लावतात, त्या पडद्याविषयी या आठवड्यात लिहायचं कबूल केलं होतं. तो विषय एक आठवडा पुढे ढकलतो. कारण ग्वाल्हेरच्या दौलतगंजातल्या एका ताईंचं पत्र आलंय, आणि त्याचं उत्तर आधी द्यायला हवं.

ताई सकाळी साडेसहाला लेकीला आणायला स्टेशनवर निघाल्या होत्या. पडावाच्या पुलाजवळ ऑटो अडकला. तिथे फुटपाथवर दहा-अकरा वर्षांचा मुलगा बसलेला. पाठीला शाळेचं दप्तर, पण दिवस रविवार. एका पायात चप्पल, दुसरा मोकळा. ताईंनी उतरून त्याला कचोरी घेऊन दिली, हातात पन्नासाची नोट ठेवली आणि गाडी येईल म्हणून पुढे गेल्या. तासाभरानं लेकीला घेऊन परतल्या तेव्हा तो तिथे नव्हता. त्या लिहितात, "भाऊ, चार रात्री झाल्या, झोप नाही. मी त्याला घरी आणायला हवं होतं का? त्याच्या गावी पोचवायला हवं होतं का? ठाण्यात द्यायला हवं होतं का? आणि मलाच कुणी पोरं पळवणारी समजलं असतं तर?"

ताईंचे चार प्रश्न आहेत. मी शेवटून सुरुवात करतो, कारण बहुतेकांचे पाय तिथेच अडतात.

ही भीती खोटी नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाडा नावाच्या गावी, आठवडी बाजाराच्या दिवशी पाच भिक्षेकरी जमावानं ठेचून मारले. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली, पोटासाठी आली होती. मुलं पळवणारी टोळी फिरतेय, अशा अफवा मोबाइलवरून गावोगाव पोचल्या होत्या. त्यांच्यातला एकजण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढं निमित्त पुरलं. त्या दिवसांत आमच्या ग्वाल्हेरच्या मोबाइलांतही तसेच व्हिडिओ फिरत होते. माझ्या घरातल्या मोबाइलमध्येही होते.

आता त्याच वर्षाचा रेल्वे सुरक्षा दलाचा हिशेब बघा. 'नन्हे फरिश्ते' या मोहिमेत २०१८ साली देशभरातल्या स्टेशनांवर आणि गाड्यांत दलाला १७,११२ मुलं सापडली. त्यांत घरून पळून आलेली १३,१८७. हरवलेली २,१०५. अपहरण झालेली ८७. म्हणजे चारातली तीनहून जास्त मुलं कुणी पोत्यात घालून आणलेली नव्हती. ती आपल्या पायांनी निघाली होती. पोत्यावाल्या बाबाची भीती घालतच आपण पोरं वाढवतो, आणि पोर घराबाहेर का पडलं हे विचारायचं मात्र राहून जातं.

स्टेशनावर ही मुलं ओळखायची कशी? हमालांकडून आणि वर्दीतल्या माणसांकडून मी एक गोष्ट शिकलो. गाडी उभी असताना फलाटाकडे बघून काही कळत नाही. बघायचं ते गाडी सुटल्यावर. आमचं ग्वाल्हेर दिल्ली-मुंबईच्या मुख्य मार्गावर. पुण्याहून जम्मूला जाणारी झेलम इथे थांबते, वास्कोहून येणारी गोवा एक्सप्रेस थांबते, मुंबईची पंजाब मेल थांबते. गाडी हलली की पाच मिनिटांत फलाट ओसरतो. उतरणारे जिन्याकडे जातात, पोचवायला आलेले घरी जातात, चहावाला किटली खाली ठेवतो. मग जो उरतो त्याच्याकडे बघायचं. त्याला कुठे जायचं नसतं आणि घ्यायलाही कुणी आलेलं नसतं. तो नळावर तोंड धुतो, पुन्हा त्याच बाकावर येतो, पुढच्या गाडीकडे नुसता बघतो. तिथून कंटाळला, की स्टेशनाबाहेर पडून माणसांच्या लोंढ्याबरोबर पडावाकडे चालू लागतो. पडाव म्हणजे मुक्काम. आमच्या लष्कर भागालाही दौलतराव शिंद्यांच्या छावणीवरून, १८१० च्या सुमारास, ते नाव मिळालं. सगळं गावच थांबलेल्यांचं. पण या मुलाचा मुक्काम कुणाच्या हाती लागतो, ते पुढच्या तास-दोन तासांत ठरतं.

इथे माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वीची. असाच एक मुलगा मला फलाटावर दिसला. मी नवा होतो, उत्साही होतो, खिशात वही होती. त्याला बाकावर बसवून मी सुरू झालो. नाव काय, गाव कुठलं, वडील काय करतात, कितवीत आहेस, का पळालास, कुणी मारलं का, कुठे मारलं, कशानं मारलं. तो सुरुवातीला बोलला. मग हळूहळू मान खाली गेली. मी म्हटलं, थांब, चहा आणतो. दोन कप घेऊन वळलो तर बाक रिकामा. माझ्या वहीत त्याचं नाव होतं, गाव होतं, शाळा होती. मुलगा नव्हता.

त्या रात्री पहिल्यांदा डोक्यात आलं, की त्याच्या बाजूनं पाहिलं तर माझ्यात आणि दलालात फरक काय होता? दलालही शेजारी येऊन बसतो. भूक लागली का विचारतो. कुठून आलास विचारतो. खाऊ घालतो. मायेनं बोलतो, माझ्यापेक्षा बहुधा जास्तच. मग म्हणतो, चल माझ्याबरोबर, काम देतो, झोपायला जागा देतो. ढाब्यावर, कारखान्यात, किंवा त्याहून वाईट ठिकाणी पोचलेल्या मुलांच्या गोष्टी ऐका. सुरुवात बहुतेकदा एका प्लेट खाण्यापासून होते. कचोरी देणारा हात चांगला की वाईट, हे कचोरीवरून मुलाला कळायचा मार्गच नाही.

फरक पुढे पडतो. दलाल मुलाला चार लोकांच्या नजरेतून दूर नेतो. आपण त्याला चार लोकांच्या नजरेत ठेवायचं. माझ्या मते सगळी राखण एवढ्यातच आली. तिथेच बसा, उजेडात बसा, आणि तिसऱ्या माणसाला बोलवा. ताई, तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे. मुलाला ऑटोत घालून निघालेल्या बाईवर संशय येईल. चहाच्या ठेल्यासमोर त्याच्याशेजारी बसून, ठेलेवाल्याला ऐकू जाईल अशा आवाजात फोन करणाऱ्या बाईवर कशाला येईल?

फोन कुणाला? इथे मला जरा रेंगाळू द्या, कारण १०९८ हा माझा लाडका विषय आहे.

१९९० च्या दशकात जेरू बिलिमोरिया मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेत शिकवत होत्या. रस्त्यावरच्या मुलांच्या रात्रनिवाऱ्यांत त्यांचं जाणं-येणं होतं. मुलांना त्यांनी घरचा फोन नंबर दिला होता, आणि मुलं रात्री-अपरात्री खरंच फोन करायची. कुणी आजारी आहे, कुणाला मार पडलाय, कुणाला नुसतंच बोलायचंय. एका बाईच्या घरचा फोन सगळ्या शहराला पुरणार नाही, म्हणून १९९६ साली चाइल्डलाइन सुरू झाली. नंबर १०९८. हिंदीत मुलं तो 'दस-नौ-आठ' असा म्हणतात, म्हणजे नुसते उलटे आकडे. अक्षरओळख नसलेल्या पोरालाही एकदा ऐकून पाठ होतो. मोठ्यांनी मोठ्यांसाठी केलेल्या किती सोयींचे नंबर आपल्याला पाठ आहेत सांगा! नंबर ठरवणाऱ्यानं मूल डोळ्यांसमोर ठेवलं होतं, हे त्या चार आकड्यांत दिसतं. २०२३ पासून ही सेवा सरकारनं आपल्याकडे घेतली, ती राज्यांच्या महिला व बाल विकास खात्यांमार्फत चालते आणि ११२ ला जोडली गेली आहे. नंबर तोच राहिला, फोन फुकटच राहिला. रेल्वेच्या हद्दीत असाल तर १३९ सुद्धा चालतो.

आता पहिले तीन प्रश्न.

घरी आणायला हवं होतं का? नाही. बाल न्याय कायदा २०१५, कलम ३२. हरवलेलं, सोडून दिलेलं वा निराधार दिसणारं मूल ज्याच्या ताब्यात येतं, त्या कुणाही माणसानं प्रवासाचा वेळ सोडून २४ तासांच्या आत चाइल्डलाइन, जवळचं ठाणं, बालकल्याण समिती किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षाला कळवलंच पाहिजे, नाहीतर नोंदणीकृत बालगृहात मुलाला सोपवलं पाहिजे. न कळवणं हा गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. 'चार दिवस ठेवून घेऊ, मग बघू' हे प्रेमानं केलं तरी कायद्याला चालत नाही. आणि ते बरोबरच आहे. चार दिवस घरात ठेवून घेणारे सगळेच तुमच्यासारखे नसतात.

गावी पोचवायला हवं होतं का? हे तर मुळीच नको. पळून आलेलं पोर म्हणजे वाट चुकलेलं वासरू नव्हे, की दावं धरून गोठ्यात नेऊन बांधलं. ते कशापासून पळालं हे तुम्हाला ठाऊक नाही. कधी नापास झाल्याची भीती असते. कधी दारू पिऊन मारणारा बाप असतो. कधी तेच घर असतं, ज्यात कुणीतरी जवळचा त्याच्याशी नको ते करत असतो. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलणं झालं. लैंगिक छळ करणारे सुमारे निम्मे ओळखीचे, विश्वासातले निघाले, आणि बहुतेक मुलांनी ते कुणालाच सांगितलेलं नव्हतं. घरी परत पोचवणं हाच कायद्याचाही पहिला हेतू आहे, पण घराची चौकशी झाल्यावर. ते काम बालकल्याण समितीचं. एक अध्यक्ष, चार सदस्य, त्यांत निदान एक बाई आणि एक मुलांच्या प्रश्नांचा जाणकार. सामाजिक तपासणीला पंधरा दिवस दिलेले आहेत. आपल्या एका दुपारच्या अंदाजापेक्षा ते बरे.

ठाण्यात द्यायला हवं होतं का? देता येतं, आणि गरज पडली तर द्यावंच. अनेकांना वाटतं, पोलीस पोराला कोठडीत टाकतील. कायदा तसं करू देत नाही. लैंगिक गुन्ह्याची गोष्ट असेल तर पोक्सोचं, म्हणजे मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचं, कलम २४ सांगतं, की जबाब मुलाच्या घरी किंवा त्याला बरं वाटेल त्या जागी घ्यायचा, शक्यतो महिला अधिकाऱ्यानं, वर्दीत नसताना. आणि कुठल्याही कारणानं मुलाला रात्री ठाण्यात ठेवायचं नाही. ठाण्यात गेलात तर हे कलम तुम्हाला माहीत आहे असं नम्रपणे दाखवा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आता एक प्रश्न मी ताईंना विचारतो. राग मानू नका. फुटपाथवर मुलगी असती, तर तुम्ही पन्नासाची नोट देऊन पुढे गेला असता? मला नाही वाटत. मुलगी दिसली की आपल्या पोटात गोळा येतो. मुलगा दिसला की आपण म्हणतो, पोरगंय, फिरेल, पोट भरेल. त्याच २००७ च्या अभ्यासात लैंगिक छळ सोसल्याचं सांगणाऱ्या मुलांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. पोक्सो हा कायदाही १४ नोव्हेंबर २०१२ पासून अठराच्या आतल्या मुलगा-मुलगी दोघांना सारखाच लागू आहे. कायद्याला हे कळलं. आपल्या काळजाला अजून कळायचंय.

मुलानं आपणहून काही सांगितलं तर? ऐका. खणू नका. पुन्हा पुन्हा विचारू नका, माझ्यासारखी वही काढू नका, 'अरेरे' करत फोटो तर काढूच नका; त्याची ओळख उघड करणं हासुद्धा गुन्हा आहे. जे कानावर आलं ते कळवा. खरं-खोटं ठरवायला तपास करणारे आहेत. सद्भावनेनं कळवणाऱ्यावर पोक्सोच्या कलम १९ प्रमाणे दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. गप्प बसणाऱ्यावर मात्र येते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या राजुऱ्याच्या वसतिगृहातल्या आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून कळवलं नाही असा आरोप एका डॉक्टरवर होता. उच्च न्यायालयानं त्यांच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. २ नोव्हेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल फिरवला, आणि ठाऊक असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. गप्प राहणं म्हणजे गुन्हेगाराला पाठीशी घालणं, असा त्याचा साधा अर्थ.

तर ताई, तुम्ही चूक केली का? कचोरी देणं चूक नव्हतं. तिथून उठणं चूक होतं. लेक स्टेशनवर वीस मिनिटं थांबली असती. तिला फोन करून सांगता आलं असतं. माझ्या हातून तर सगळं विचारूनही पोर निसटलं, तेव्हा तुम्हाला बोलायचा मला अधिकार नाही. पण अजून एक करता येतं, आणि आजच करा. १०९८ ला फोन करून सांगा, अमुक दिवशी, अमुक वेळी, पडावाच्या पुलाजवळ असा मुलगा दिसला होता, दप्तराचा रंग हा, चप्पल एकाच पायात. चार दिवस उशीर झाला म्हणून माहिती शिळी होत नाही. कुठल्यातरी ठाण्यात त्याच्या आईनं हेच वर्णन लिहवून दिलेलं असू शकतं.

पडद्याचं पुढच्या रविवारी, नक्की. तोवर वाचकांनी एक करावं : १०९८, ११२ आणि १३९ हे तीन नंबर मोबाइलमध्ये घालून ठेवावेत, आणि घरातल्या सर्वांत लहान पोराकडून 'दस-नौ-आठ' तोंडपाठ म्हणवून घ्यावं.