हवाई बेटांतील क्षमेची बैठक

पॅसिफिक महासागरातील हवाई बेटांचे नाव निघाले की आपल्या डोळ्यांसमोर फुलांच्या माळा आणि ज्वालामुखी उभे राहतात. मला आज तेथल्या एका घरगुती रीतीविषयी बोलायचे आहे. तिचे नाव 'होओपोनोपोनो'. 'पोनो' म्हणजे रास्त, यथायोग्य. विस्कटलेले पुन्हा रास्त करणे, असा या लांबलचक शब्दाचा साधा अर्थ.

जुन्या हवाईवासीयांची अशी श्रद्धा होती की, घरात दुखणे हटेना तर औषधाबरोबर मनातली अढीही शोधावी. मग कोणी वडीलधारे माणूस साऱ्या कुटुंबाला एकत्र बसवी आणि प्रार्थनेने बैठक सुरू होई.

समजा, धाकट्या भावाने थोरल्याचे मासे धरण्याचे जाळे न विचारता नेले आणि फाडून आणले. थोरला चारचौघांत वाटेल ते बोलला. जावांनी अबोला धरला, आईने एकाची बाजू घेतली. मूळ अपराध एका जाळ्याचा. पण आता सारे घरच गुंत्यात सापडले! या गुंत्याला तेथे 'हिहिया' म्हणतात. तो सोडवायचा तर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे एकेक पदर काढावा लागतो. यात एक पथ्य फार शहाणपणाचे आहे. भांडणारे एकमेकांशी बोलत नाहीत. जे सांगायचे ते प्रमुखाला उद्देशून सांगतात. समोरासमोर उत्तर-प्रत्युत्तर सुरू झाले की राग पुन्हा पेटतो, हे त्यांनी ओळखले होते. तरीही आवाज चढलाच, तर प्रमुख 'होओमालू', म्हणजे मौन, पुकारी. मने निवेपर्यंत सगळे गप्प.

मग अपराधी आपला दोष कबूल करी, क्षमा मागे, आणि झालेले नुकसानही भरून देण्याचे ठरे. त्यानंतर 'काला', म्हणजे सोडणे, मुक्त करणे. (आपल्या दहीकाल्याशी याचा संबंध नाही!) अपराध ही एक दोरी मानली आहे. तिच्या एका टोकाला अपराध करणारा बांधलेला असतो आणि दुसऱ्या टोकाला अढी धरून बसलेला. म्हणून काला दोघांचाही व्हावा लागतो.

1820 साली मिशनरी आले आणि पुढे ही रीत मागे पडली. काही कुटुंबांनी ती ख्रिस्ती प्रार्थनेसह जपली. मेरी कावेना पुकुई (1895–1986) या हवाई विदुषीने एका मानसोपचारतज्ज्ञाच्या साहाय्याने ती 1972 च्या ग्रंथात नोंदवून ठेवली, हे मोठेच उपकार.

1976 साली मोर्ना सिमेओना या बाईंनी तिला एकट्याने करण्याचे रूप दिले. पुढे 2007 च्या एका इंग्रजी पुस्तकाने खेद, क्षमायाचना, आभार आणि प्रेम यांची चार छोटी वाक्ये जगभर नेली. आपल्याकडेही ती पोचली आहेत. डोळे मिटून ती म्हटल्याने एखाद्याला शांती लाभत असेल, तर माझी तक्रार नाही. पण फाटलेल्या जाळ्याचे काय? थोरला भाऊ तर पलीकडच्या खोलीत तसाच बसलेला असतो. त्याला हाक मारणे, हा अवघड भाग नेमका गळाला आहे.

जुनी बैठक संपली म्हणजे सगळे एकत्र जेवत. पानात 'लिमू काला' नावाचे समुद्रशेवाळ वाढत, त्याच्या नावातच 'सुटका' आहे म्हणून. आणि मिटलेली गोष्ट पुन्हा काढायची नाही, असा दंडक असे.