हे कॉलेज कुठल्या विचारांचं?

बारावीचा निकाल लागला की कटऑफ, फी आणि वसतिगृह यांची चौकशी सुरू होते. पण रोजचा अग्रलेख वाचून घरात वाद घालणाऱ्या मुलीच्या मनात आणखी एक प्रश्न असतो: तिथे माझ्या विचारांची माणसं भेटतील का? घरच्यांना तो बिनकामाचा वाटतो. मला तो फीइतकाच महत्त्वाचा वाटतो, कारण राजकीय समज पक्की होण्याची हीच तर वर्षं.

मात्र दर्शनी भिंतीवरच्या तसबिरी पाहून उत्तर ठरवू नये. पुण्याच्या फर्ग्युसनचंच पाहा. 1885 साली ते सुरू झालं तेव्हा टिळक आणि आगरकर एकाच संस्थेत होते. 1890 मध्ये टिळक बाहेर पडले. आगरकर पुढे प्राचार्य झाले. गोखलेही तिथेच शिकवत. 1905 मध्ये विदेशी कापडाच्या होळीबद्दल सावरकरांना 10 रुपये दंड झाला, वसतिगृह सोडावं लागलं. तेव्हा प्राचार्य होते नेमस्त रँग्लर परांजपे. सावरकर बी. ए. झाले ते तिथूनच. आता या कॉलेजला कुठल्या एका विचाराचं म्हणणार?

काही कॉलेजांचं मात्र नावच बोलकं असतं. डॉ. आंबेडकरांनी 1950 मध्ये औरंगाबादला काढलेल्या कॉलेजचं नाव मिलिंद, परिसर नागसेनवन. बौद्ध ग्रंथात राजा मिलिंद भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारतो, ती ही जोडी. प्रश्न विचारणाऱ्याचं नाव कॉलेजला द्यावं, याचं मला फार अप्रूप आहे. गंगाधर पानतावणे तिथे शिकवत, आणि त्यांच्या ‘अस्मितादर्श’ या नियतकालिकातून दलित लेखकांची पिढी लिहिती झाली.

निवडणुकांची आवड असेल तर मात्र वस्तुस्थिती ओळखून असा. आपल्याकडे महाराष्ट्रात 1994 च्या विद्यापीठ कायद्यानंतर थेट निवडणुका थांबल्या. प्रतिनिधी गुणांवर ठरू लागले. 2016 च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद केली, पण अंमलबजावणी रखडत राहिली. दिल्लीच्या जेएनयूत निवडणूक विद्यार्थीच घेतात आणि अध्यक्षपदाचे उमेदवार सगळ्यांसमोर वाद घालतात. 2022 पासून सीयूईटी या एकाच परीक्षेतून जेएनयूसह अनेक केंद्रीय विद्यापीठांत अर्ज करता येतो, त्यामुळे लातूर-गडचिरोलीच्या मुलांनी तो पर्याय आधीच सोडून देऊ नये.

प्रवेशाआधी एकदा तरी साध्या कामाच्या दिवशी जाऊन या. मागची दोन-तीन वार्षिक नियतकालिकं मागा: मुलांनी काय लिहिलंय, की नुसते अहवालच आहेत? वक्तृत्व मंडळाचे विषय पाहा. नाटकवेडे असाल तर पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला संघ जातो का, तालमीला जागा मिळते का, हे विचारा. ग्रंथालयात किती वृत्तपत्रं येतात तेही मोजा. आणि मग कँटीनमध्ये दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलाला विचारा: गेल्या वर्षी इथे कशावरून वाद पेटला होता, आणि ज्यांचं म्हणणं बहुतेकांना पटलं नाही, त्यांच्याशी नंतर कोण बोलत होतं?