पहिल्या क्रूझचा वरखर्च
क्रूझच्या तिकिटात खोली, रोजचं जेवण आणि प्रवास येतो. वरखर्च जहाजावर पाऊल ठेवल्यावर सुरू होतो. तिथे रोख पैसे सहसा चालत नाहीत. खोलीचं कार्ड दाखवायचं, रक्कम खात्यावर चढते आणि शेवटी एकदम वसूल होते. अनेक कंपन्या माणशी दररोज टिपही लावतात. मद्य आणि वायफाय बहुधा वेगळं. खात्यावरचा आकडा रोज रात्री पाहावाच.

खरा विचार मात्र बंदरांचा करावा. भूमध्य समुद्राच्या सफरीत ‘रोम’ छापलेलं असतं, पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला. तिथून रोम सुमारे 70-80 किलोमीटर. जहाजाने काढलेली सहल महाग असते, पण तिच्या बसला उशीर झाला तर जहाज थांबतं. स्वतः रेल्वेने गेलात तर थांबत नाही, आणि पुढचं बंदर स्वखर्चाने गाठावं लागतं. म्हणून पहिल्या खेपेला रोमसाठी जास्तीचे पैसे मोजावेत असं मला मनापासून वाटतं. नेपल्सला ती गरज नाही. धक्का शहरालाच लागून आहे आणि पाँपेईला लोकल गाडी साधारण पाऊण तासात पोचवते. फक्त घड्याळ जहाजाच्या वेळेला लावलेलं असू द्या.