सांडपाण्यातील औषधे आणि जीवाणू
रोग्याने घेतलेल्या औषधाचा काही अंश शरीराबाहेर पडून सांडपाण्यात मिसळतो. त्यातील पॅरासिटामॉलची विल्हेवाट स्यूडोमोनास वर्गातील काही जीवाणू लावतात. अ‍ॅमिडेज या विकराच्या साहाय्याने ते रेणूचा अ‍ॅसिटिल भाग तोडतात. उरलेल्या अ‍ॅमिनोफिनॉलचे हायड्रोक्विनोन होते, पुढे त्याचे वलय फुटते आणि अखेर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड व पाणी उरते. जीवाणूंच्या लेखी हे सारे केवळ अन्न! कार्बामाझेपिन हे अपस्मारावरील औषध मात्र शुद्धीकरण केंद्रातून बहुतांशी जसेच्या तसे बाहेर येते.

प्रतिजैविकांचा प्रश्न अधिक बिकट आहे. हैदराबादजवळील पाटणचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातून बाहेर पडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सॅसिनचे प्रमाण लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. काही जीवाणूंना घातक ठरणाऱ्या मात्रेच्या ते हजारपटीहून अधिक होते. ज्यांनी पाणी शुद्ध करावयाचे, तेच अशा ठिकाणी नष्ट होतात. जे तगतात ते औषधाला दाद न देणारे असतात, आणि हा गुण रोगकारक जीवाणूंकडेही संक्रमित होऊ शकतो. यास्तव प्रतिजैविके कारखान्याच्या आवारातच ओझोनसारख्या प्रक्रियेने निष्प्रभ करून मगच ते पाणी जीवाणूंच्या टाकीत सोडणे इष्ट होय.