पिल्लू आपलंच, हे मादीला कळतं कसं?

ऊसतोड सुरू झाली की जुन्नर-आंबेगावातून ही बातमी येतेच : फडात बिबट्याची पिल्लं सापडली, वनखात्याने ती क्रेटमध्ये घालून त्याच जागी ठेवली, रात्री मादी येऊन घेऊन गेली. कुकडी-घोडच्या धरणांनी इथे ऊस वाढवला आणि माद्या उसातच विऊ लागल्या. बातमीपाठोपाठ प्रश्नही ठरलेला : माणसाचा हात लागलेलं पिल्लू ती ओळखते कशी?

बिबट्याच्या मेंदूत तारा घालून बघणं अवघड. मेंढीचं तसं नाही. व्यायल्यावर दोनेक तासांत ती कोकराचा वास पक्का करते आणि परकं कोकरू लुचायला आलं तर ढुशी देते. हे कुठल्याही मेंढपाळाला ठाऊक असतं. किथ केंड्रिक, लेव्ही आणि केव्हर्न या शास्त्रज्ञांनी १९९२ साली त्यामागचा मेंदू दाखवला. विण्याआधी गंधकंदातल्या, म्हणजे मेंदूच्या वास टिपणाऱ्या भागातल्या, पेशी चाऱ्याच्या वासाने चाळवत. व्यायल्यावर त्यांतल्या कितीतरी कोकराच्या वासाला दाद देऊ लागल्या, काही तर मुख्यतः स्वतःच्याच कोकराच्या! मेंदूत हा बदल घडवतो तो प्रसूतीच्या वेळी जननमार्गावर पडणारा ताण. मेंढ्या पन्नास चेहरे दोन वर्षं लक्षात ठेवतात, या २००१च्या शोधाने केंड्रिक गाजले. मला मात्र वासाचं काम थोर वाटतं.

डोळ्यांची ओळख निराळी. ब्रिस्टलच्या माल्कम ब्राउन यांना १९८७ साली माकडांच्या मेंदूत, कानशिलाआडच्या भागात, अशा पेशी आढळल्या की नवी वस्तू दिसताच त्या जोरात पेटत आणि तीच पुन्हा दिसली की मंदावत. म्हणजे ओळख पटणं हे पेशींचं गप्प होणंही असू शकतं.

पण मेंढीवरून बिबट्या ताडताना जपून. कळपात एकाच वेळी अनेक मेंढ्या वितात, कोकरं लगेच पळू लागतात. तिथे चोख ओळख हवीच. बिबट्याची मादी एकटी, पिल्लं कित्येक आठवडे दडवलेली. दडणीत आहे ते आपलंच, एवढा हिशेब तिला पुरत असावा. मग जागेची आठवण वासाइतकीच मोलाची ठरते, आणि ती आठवण सांभाळण्याचं काम मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाकडे. जुन्नरजवळच्या माणिकडोह बिबट निवारा केंद्राचे पशुवैद्य पिल्लं हाताळून तपासतात, तरी माद्या ती नेतात. ‘हात लागला की आई टाकते’ ही समजूत तिथेच खोटी पडते. व्हायरल व्हिडिओंत मायेचे उमाळे दिसतात, जागेचं महत्त्व दिसत नाही.

तेव्हा फडात पिल्लं दिसली तर घरी आणू नका, फोटोसाठी हलवू नका. तोड थांबवा, नेमकी जागा लक्षात ठेवा आणि वनखात्याला १९२६ वर कळवा.