वेगाचे कौतुक, ताब्याची उपेक्षा

नवी मोटार घेतलेल्या माणसाला आपल्याकडे दोन प्रश्न हटकून विचारले जातात. गाडीला 'पिकअप' कसा आहे, हा पहिला. आणि लिटरला किती देते, हा दुसरा. पहिला प्रश्न तरुणांचा असतो, दुसरा वडीलधाऱ्यांचा, एवढाच काय तो फरक. गाडी वळणावर कशी वागते आणि ब्रेक दाबल्यावर किती अंतरात उभी राहते, हा तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही आणि विक्रेताही आपण होऊन त्याचे उत्तर देत नाही. स्पोर्ट्स कार आणि रोजच्या वापराची मोटार यांची तुलना करावयाची, तर ती या तिन्ही प्रश्नांच्या आधारे व्हावयास हवी. तशी ती केली म्हणजे स्पोर्ट्स कारविषयी वाटणारा हेवा बराचसा ओसरेल. परंतु आपल्या साध्या गाडीकडून आपण आजवर फारच थोडे मागत आलो, हेही ध्यानात येईल.

या तुलनेसाठी इटली वा जर्मनी गाठण्याचे कारण नाही. दिव्याहून शीळफाट्यावर येऊन कल्याणच्या दिशेने वळले की जो रस्ता लागतो, त्याच कल्याण-शीळ रस्त्यावर डोंबिवलीनजीक प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या या कंपनीचे नाव घरोघरी पोचले ते कुर्ल्याच्या कारखान्यामुळे आणि तेथे तयार होणाऱ्या फियाटमुळे, म्हणजेच पुढच्या 'पद्मिनी'मुळे. डोंबिवलीच्या कारखान्याची कहाणी त्या मानाने अल्पायुषी ठरली. उदारीकरणानंतर कंपनीने फ्रान्सच्या प्यूजोशी भागीदारी केली आणि 'प्यूजो ३०९' ही गाडी येथे तयार होऊ लागली. कामगारांशी तंटा आणि भागीदारांतील बेबनाव यांपायी १९९७ मध्ये प्यूजोने काढता पाय घेतला. तो इतिहास येथे प्रस्तुत नाही. प्रस्तुत आहे ती गोष्ट अशी की, या एकाच गाडीची जगात दोन रूपे नांदत होती.

डोंबिवलीची ३०९ ही कुटुंबवत्सल गाडी होती. पेट्रोलचे इंजिन सुमारे चौदाशे घन सेंटिमीटरचे. आणि ज्यांना इंधनाचा खर्च जाचत होता त्यांच्यासाठी डिझेलचे. युरोपात याच सांगाड्यावर 'जीटीआय' नावाची आवृत्ती निघाली होती. तिचे इंजिन १.९ लिटरचे, शक्ती १३० अश्वशक्तीच्या घरात, वेग ताशी २०० किलोमीटरच्या पुढे. जाणकारांनी या गाडीची वाखाणणी केली ती मात्र प्रामुख्याने तिच्या वळणावरील वागणुकीबद्दल. सांगाडा तोच, दारे तीच, आसनेही जवळपास तीच. बदलले होते ते इंजिन, अधिक ताठ आणि बुटक्या केलेल्या स्प्रिंगा, रुंद टायर आणि अधिक समर्थ ब्रेक. म्हणजे साधी गाडी आणि चपळ गाडी यांतील अंतर लोखंडाच्या गुणवत्तेचे नसते. कोणत्या गोष्टीवर पैसा खर्च करावयाचा, या निवडीचे असते. आपल्या वाट्याला जी निवड आली तीत इंजिन आणि काटकसर यांचा विचार झाला. चाकांच्या पकडीचा विचार करा, असा आग्रह कोणी धरला नाही, कारण गिऱ्हाइकानेच तो धरला नव्हता.

आता शक्तीचा हिशेब पाहू. विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना तो अवघड वाटू नये. सपाट रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरच्या एकसारख्या वेगाने लहान मोटार चालवायला जेमतेम तीन-चार अश्वशक्ती पुरते. ताशी १०० किलोमीटरला ती गरज पंधरा-सोळापर्यंत जाते, १५० ला पन्नाशीच्या आसपास. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि त्यावर मात करण्यास लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात, हे त्याचे कारण. स्पोर्ट्स कारच्या शेकडो अश्वशक्ती खऱ्या अर्थाने खर्ची पडतात त्या ताशी २०० किलोमीटरच्या पलीकडे, आणि काही क्षण, वेग वाढविताना. न्हावाशेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर, रिक्षा, दुचाक्या आणि दोन्ही बाजूंनी रस्ता ओलांडणारी माणसे यांनी भरलेल्या कल्याण-शीळ रस्त्यावर यांपैकी कोणता क्षण येणार? तेथे चारशे अश्वशक्तीची गाडी आणि चाळीस अश्वशक्तीची गाडी एकाच वेळी शीळफाट्याला पोचतात. मधल्या वेळात पहिलीने इंधन मात्र कितीतरी अधिक जाळलेले असते. मोठ्या इंजिनाच्या अंतर्गत घर्षणाला आणि हवा खेचण्याच्या कामाला जो खर्च येतो, तो गाडी जागच्या जागी उभी असतानाही चुकत नाही.

मराठी वाचकाला याचे एक उदाहरण परिचित आहे. सचिन तेंडुलकर यांची पहिली मोटार मारुती ८०० होती, हे त्यांनीच जाहीरपणे सांगितले आहे. पुढे २००२ मध्ये त्यांनी कसोटी शतकांच्या संख्येत ब्रॅडमन यांची बरोबरी केली, तेव्हा त्यांना फेरारी ३६० मोडेना ही गाडी भेट मिळाली. मायकेल शूमाकर यांच्या हस्ते. या दोन गाड्या शेजारी उभ्या केल्या तर तुलनेला अधिक काही नको. मारुतीचे इंजिन ७९६ घन सेंटिमीटरचे, शक्ती चाळीसच्या आत, वजन साधारण ६५० किलो. फेरारीचे इंजिन ३५८६ घन सेंटिमीटरचे आठ नळकांड्यांचे, शक्ती ४००, वजन चौदाशे किलोंच्या आसपास. दर टन वजनामागे एकीला साठ अश्वशक्ती, दुसरीला जवळजवळ तीनशे. फेरारी साडेचार सेकंदांत ताशी १०० किलोमीटरला पोचते, आणि लिटरला देते पाच-सहा किलोमीटर. मारुती शहरातही त्याच्या तिपटीला येते, आणि साडेचार मीटरांहून कमी त्रिज्येत वळते. गल्लीबोळांत हा गुण अश्वशक्तीहून मोलाचा असतो. फेरारीवरील सुमारे १ कोटी १३ लाखांच्या आयातशुल्काच्या सवलतीवरून देशात वादंग माजले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि अखेर ती रक्कम फियाटने भरली. फियाटने भरावी यालाही संगती होती, कारण १९६९ पासून फेरारीत फियाटचा मोठा वाटा होता. कुर्ल्याची पद्मिनी आणि ही फेरारी नात्याने एकमेकींच्या बहिणी लागत. एक श्रीमंताघरी पडली, दुसरीने टॅक्सीचा फाटा धरला, इतकेच!

तथापि काटकसरीच्या या विजयावर समाधान मानून थांबणे बरोबर नाही. कारण फेरारीजवळ जे होते त्यांतील एक गोष्ट मारुतीजवळ आणि पद्मिनीजवळ असावयास हवी होती. ती म्हणजे ताबा. इंजिनाने निर्माण केलेली शक्ती असो वा ब्रेकने लावलेला जोर असो, तो रस्त्याला मिळतो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार ठशांतून. कोरड्या चांगल्या डांबरावर ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी ब्रेक लागल्यापासून साधारण २० मीटरांत थांबू शकते. पावसात तेच अंतर ३५ मीटरांवर जाते. वेग १०० असेल तर कोरड्या रस्त्यावरही ते ५५ मीटरांच्या पुढे जाते, आणि चालकाला धोका उमगून पाय ब्रेकवर जाईपर्यंतच्या एका सेकंदात कापलेले २८ मीटर वेगळेच. वेग दुप्पट झाला की थांबण्याचे अंतर चौपट होते, हे शाळेच्या पुस्तकात असते. रस्त्यावर आले की ते विसरले जाते.

हा हिशेबही रस्ता निर्मळ असल्याचे गृहीत धरून केलेला आहे. जुलै २०२५ मध्ये याच रस्त्यावरील पलावा चौकातला उड्डाणपूल वाहतुकीस खुला झाला आणि दुचाक्या घसरू लागल्याने काही तासांतच तो बंद करावा लागला. अशा पृष्ठभागावर कोणत्याही किमतीची गाडी हतबल असते. खड्ड्यांच्या बाबतीत तर स्पोर्ट्स कारच अधिक हतबल. तिचे बुटके टायर आणि ताठ स्प्रिंगा ज्या रस्त्यासाठी केल्या, तो रस्ता आपल्याकडे क्वचित भेटतो. पद्मिनीच्या उंच बैठकीचे आणि जाड टायरांचे शहाणपण तेथे दिसून येई. मात्र त्या गाडीच्या ड्रम ब्रेकचे गोडवे आठवणींच्या भरात गाण्याचे कारण नाही.

डिस्क ब्रेकची महती जगाला पटली ती शर्यतीच्या मैदानावर. १९५३ मध्ये ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने या ब्रेकांच्या बळावर जिंकली. तेथून ते सामान्य माणसाच्या गाडीत उतरले. स्पोर्ट्स कारने समाजाला काही दिले असेल तर ते हे. उलट, तीन ठिकाणी बांधणारा सुरक्षापट्टा १९५९ मध्ये व्होल्वोच्या साध्या कौटुंबिक गाडीत प्रथम आला, हेही नमूद करावयास हवे. आपल्या देशात मात्र हा प्रवाह फार मंद वाहिला. जोराने ब्रेक दाबल्यावर चाके जाम होऊ न देणारी आणि त्यामुळे गाडी वळविण्याची सोय राखणारी एबीएस यंत्रणा सर्व नव्या मोटारींना सक्तीची झाली ती एप्रिल २०१९ मध्ये. २०१४ च्या जानेवारीत ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्या बाजारातील पाच लोकप्रिय लहान गाड्या भिंतीवर आदळून पाहिल्या. पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले. या गाड्या काटकसरी होत्या यात शंका नाही. ती काटकसर कोणाच्या जिवावर होती, हे त्या दिवशी कळले. सुदैवाने चित्र पालटू शकते, याचाही पुरावा महाराष्ट्रातच आहे. पुण्याजवळ रांजणगावला, टाटा आणि फियाट यांच्या भागीदारीतून उभ्या राहिलेल्या कारखान्यात तयार होणाऱ्या नेक्सॉनने डिसेंबर २०१८ मध्ये पाच तारे मिळविले. भारतात बनलेल्या गाडीला ते प्रथमच मिळत होते.

याच नेक्सॉनची विजेवर चालणारी आवृत्ती, कंपनीच्या दाव्यानुसार, नऊ सेकंदांच्या आत ताशी १०० किलोमीटरचा वेग गाठते. म्हणजे डोंबिवलीच्या ३०९ ची युरोपातली जी बहीण एके काळी चपळाईसाठी नावाजली गेली, तिच्याजवळपास आज हप्त्यांवर घेतलेली कौटुंबिक गाडी पोचते. वेग ही श्रीमंतांची मिरास होती तोवर किंमतच त्याला आवर घालीत असे. तो आवर आता सुटत चालला आहे. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला पोर्शे टायकन या विजेवर चालणाऱ्या गाडीने मोटारसायकलवरील दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला आणि ती गाडी अल्पवयीन मुलगा चालवीत असल्याचे पोलिसांनी सांगितले, तेव्हा सारा संताप श्रीमंतीवर व्यक्त झाला. तो अनाठायी नव्हता. परंतु त्या गाडीची चपळाई उद्या आपल्या सोसायटीच्या आवारातही उभी असणार, हा विचार त्या गदारोळात मागे पडला. देशात २०२२ मध्ये रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसे मेली. त्यांत दुचाकीस्वार ४४ टक्क्यांहून अधिक आणि पादचारी जवळपास २० टक्के. दिव्यासारख्या, लोहमार्गाच्या आधाराने वाढलेल्या वस्तीत बहुतेकांचा रस्त्याशी संबंध येतो तो स्टेशनपर्यंत पायी जाताना किंवा दुचाकीवरून. गाडी किती चपळ आहे याची किंमत तेच मोजतात; गाडी दुसऱ्याची असते.

यावर एक साधा उपाय सुचवावासा वाटतो. गाडी लिटरला किती किलोमीटर देते, हा आकडा पुण्याच्या एआरएआयसारख्या अधिकृत चाचणीसंस्था प्रमाणित करतात आणि जाहिरातीत तो ठळकपणे छापला जातो. त्याच्या शेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, ताशी १०० किलोमीटर वेगावरून गाडी किती मीटरांत थांबते, हा दुसरा आकडा छापण्याची सक्ती करावी. एकदा कोरड्या रस्त्यावरचा आणि एकदा ओल्या रस्त्यावरचा. ही मोजणी करण्याची साधने आपल्याजवळ आहेत. एवढे झाले तर वडीलधारी मंडळी दुकानात गेल्यावर 'किती देते' याच्याबरोबर 'कितीत थांबते' हेही विचारू लागतील, आणि विक्रेत्याला उत्तर पाठ करावे लागेल.